नियम आक्कांचा, वेळापत्रक आमचं

आमची जीप गावात शिरली की पहिली विनंती येते ती औषधाची नसते. "सिस्टर, गाडी जरा पलीकडं लावा की." पलीकडं म्हणजे उसाच्या ट्रॉलीमागं, डेअरीच्या भिंतीआड, कुठंही, फक्त दारात नको. ही गाडी दारात उभी राहिली की त्या घरातलं माणूस आता फार दिवस राहत नाही, हे गावाला कळतं. खटाव तालुक्यातल्या एका माजी सैनिकानं मला बजावलं होतं, "गाडीवरच्या नावावर फडकं टाकून या, मग सलाम ठोकतो." मी फडकं टाकलं नाही. गाडी मात्र शाळेपाशी लावून चालत गेले. तत्त्व वेगळं आणि पार्किंग वेगळं, एवढं या कामात शिकले.

मी परिचारिका आहे. सांगलीतून आमचं एक लहानसं पथक चालतं. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही त्यांच्या घरी आम्ही जातो आणि दुखणं, जखमा, झोप, पोट साफ होणं, भीती, जे जे सोसावं लागतं ते कमी करतो. इंग्रजीत याला हॉस्पिस म्हणतात. दिवाळी अंकासाठी हा विषय सुचवला तेव्हा संपादक जरा थांबून म्हणाले, "थोडं हलकं लिहा." मी म्हटलं, प्रयत्न करते, पण मरणाला मी लाडू म्हणणार नाही.

माझं असं बोलणं घरून आलेलं आहे. मी वडूजची. वडील चळवळीतले. आमच्याकडे पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली, आणि जोडाक्षरं मला 'हक्क' आणि 'संघर्ष' या शब्दांवरून आली. पत्रकाला एक शिस्त असते: वर अन्याय, खाली मागण्या. मोठी झाले तशी मीही पत्रकं लिहिली. त्यातलं एक वाक्य मला तेव्हा फार आवडायचं: वेदनामुक्ती हा प्रत्येकाचा हक्क आहे. आजही ते वाक्य मी मागे घेत नाही. फक्त त्या वाक्यात ज्याची वेदना तो माणूस कुठेच बोलत नाही, हे लक्षात यायला मला वारणाकाठच्या एका घरात जावं लागलं.

त्याआधी थोडं धंद्याचं. आपल्या माणसाला शेवटच्या काळात कुणाच्या हाती द्यायचं, असं लोक मला लग्नात, एसटीत, भाजी घेताना विचारतात. मी सांगते, एखादी जागा बघायला गेलात तर काउंटरवरच्या माणसाशी बोलू नका, खाटेशेजारी बसलेल्या बाईशी बोला. ती खरं सांगते. मॉर्फिन आहे का, असं सरळ विचारा. कर्करोगाच्या मोठ्या दुखण्यावर ते औषध लागतं, आणि कायद्यानं ते सगळीकडे ठेवता येत नाही. "गरज पडली तर बघू," असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. घरी येणारं पथक असेल तर ते तुम्हाला काय शिकवणार, हे विचारा. आम्ही येऊन जाणारी माणसं. कूस बदलायची, तोंड पुसायचं, औषध द्यायचं ते घरच्यांनीच. जे पथक घरच्यांना नुसतं बाजूला उभं करतं, त्याच्या गणवेशाला भुलू नका.

भूपाल मगदूम हे सगळं मला विचारायला आले नाहीत. ते तपासायला आले. इस्लामपूरच्या पुढे, वारणेच्या बाजूला त्यांचं गाव, ऊसवाले जैन शेतकरी. पंचेचाळिशीचा, बोलायला मोकळा माणूस. ऑफिसात शिरले, औषधाचं कपाट उघडायला लावलं, मग बाहेर जाऊन जीपच्या चाकांपाशी उकिडवे बसले.

"सिस्टर, टायर गुळगुळीत झाल्यात की तुमचं. आमच्या पाणंदीत ही गाडी रुतंल."

"रुतली तर चालत येऊ."

"तुमी याल वो. औषध पळत आलं पायजे."

त्यांच्या आईचं दुखणं घेऊन ते फिरत होते. स्तनाचा कर्करोग मणक्यात उतरला होता. मोठ्या रुग्णालयानं आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं. बहीण साताऱ्याला दिलेली. ती म्हणत होती, तिच्या घराजवळ एक धर्मादाय सेवासदन आहे, आईला तिथं ठेवू, मी रोज जाईन. भूपालदादा तेही बघून आले होते. स्वच्छ होतं, माणसं मायाळू होती. सांगलीतल्या एका रुग्णालयाची खोली बघितली होती. शहरातल्या एका खाजगी संस्थेची माणसंही भेटून गेली होती: दिवसरात्र घरी राहणारी मदतनीस, पाठ वर होणारी खाट, ठरलेल्या वेळी औषध, त्यांचे स्वतःचे डॉक्टर. आणि आम्ही, आठवड्यातून दोनदा येणारी गुळगुळीत टायरची जीप.

"आईंना काय पाहिजे?" मी विचारलं.

"तिला कशाला त्रास? तिनं आयुष्यात काय मागितलंय?"

त्यांनी खाजगी संस्था निवडली. मला राग आला, पण निवड चुकीची होती असं म्हणता येत नव्हतं. रात्रंदिवस माणूस घरात असणं ही मोठी गोष्ट आहे आणि ती आमच्याकडे नव्हती. तरी मी त्यांच्या बायकोला, सुनंदावहिनींना, माझा नंबर दिला. काही विचारायचं असेल तर विचारा, आपण स्पर्धेत नाही, असं म्हटलं. खरं तर होतो.

काही दिवसांनी सुनंदावहिनींचाच फोन आला. सासूला त्या आत्या म्हणायच्या. आवाज दबका.

"सिस्टर, आत्या औषध घेईनात झाल्यात. काल दिवसभर पाणीसुदीक घेतलं न्हाई. आनि आता गावात उठलंय की आत्यांनी सल्लेखना घेतली. दारात गर्दी झालीया. ह्यांना बोलता येईना. तुमी याल का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सल्लेखना हे जैनांमधलं व्रत. आयुष्याच्या शेवटी, गुरूंची परवानगी घेऊन, अन्नपाणी हळूहळू सोडत शांतपणे देह ठेवायचा. ते घेणाऱ्याला गावात फार मान. लोक दर्शनाला येतात. आमच्या वडूजच्या घरात साधा उपास हासुद्धा पत्रकाचा विषय होता, त्यामुळे जीपमध्ये बसल्यापासून माझ्या डोक्यात भाषण तयार व्हायला लागलं. औषध नाकारायला लावणाऱ्या समाजाविषयी चांगलं, सणसणीत भाषण. ते अजून तसंच पडून आहे.

गल्लीत चपलांचा ढीग. शेजारच्या वाडीवरून दोन ट्रॅक्टर भरून बायका आलेल्या. जोत्यावर भजन चाललेलं. भूपालदादा दारात हात जोडून उभे होते, येणारा प्रत्येक जण त्यांना म्हणत होता, "भाग्यवान हाईसा गड्या, अशी आई मिळाली." ते मान डोलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर, आपल्या नावानं दुसऱ्याचा सत्कार स्वीकारणाऱ्या माणसाचे भाव होते. मला बघून एक म्हातारे म्हणाले, "आता औषधाचं काय काम, बाई? तुमी दर्शन घ्या नि जावा."

मी आत गेले. भूपालदादांच्या आईंना सगळं गाव आक्का म्हणायचं. हाडापेराची, उंच बाई. त्या महागड्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. बायका एकेक करून पायाला हात लावत होत्या. प्रत्येक हात लागला की खाट हलायची, आणि खाट हलली की आक्कांच्या जबड्याचं हाड ताठ व्हायचं. मणक्याचं दुखणं असंच असतं. उशाशी मदतनीस रेश्माबाई, मिरजेच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. त्या रडवेल्या होऊन बसल्या होत्या.

मी खाली बसून कानाशी म्हटलं, "आक्का, मी नर्स आहे. सुनंदावहिनींनी बोलावलं."

त्यांनी डोळा उघडला. "ही समदी कशाला आल्यात गं, पोरी?"

"तुम्ही सल्लेखना घेतली म्हणतात."

"मी?" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की पायाशी वाकलेली बाई वाकलेलीच राहिली. "म्हाराजांना न विचारता? ती काय बाजारातनं आनायची वस्तू हाय व्हय? आगं, एक उपास केला मी. प्रायश्चित्ताचा. आज पारनं हाय माझं. सकाळधरनं वाट बघतीया, पर हितं कढन आनायला वाट ऱ्हाइली न्हाई. ह्या लोकांनी माझं पारनं आडवलंय!"

मी रेश्माबाईंकडे पाहिलं. रेश्माबाई जमिनीकडे पाहत होत्या.

मग आक्कांनीच सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, मधे श्वास घेत. लग्न होऊन आल्यापासून दिवस मावळला की अन्न नाही, पाणी नाही. बाळंतपणात नाही, तापात नाही. रुग्णालयातही त्यांनी तो नियम पाळला होता. संस्थेचं औषध दर चार तासांनी. दिवसाच्या गोळ्या त्या मुकाट घेत. रात्रीची गोळी नाकारत आणि दुखत पडत. ते बघवेना म्हणून भूपालदादा आणि सुनंदावहिनींनी रेश्माबाईंना सांगितलं, गोळी पाण्यात विरघळवा आणि गुंगीत असताना चमच्यानं जिभेवर सोडा.

"सकाळी तोंड कडूजार. हिला इच्यारलं तर म्हन्ती, चूळ भरायचं औषध हाय. चूळ भरायचं औषध रात्री झोपेत कुनी देतं का?" आक्का थांबल्या. "दुखनं माझं, नियम माझा, आनि ठरवलं कुनी? भाईर हुबं ऱ्हाऊन दोघांनी. म्हनून मी समदंच बंद केलं. कुटल्या चमच्यात काय हाय, मला काय कळतंय?"

बाहेर भजन सुरूच होतं. मला वाटत होतं तो गुन्हेगार तिथं नव्हता. दुष्ट समाज वगैरे कुणी नव्हतं. आईचं दुखणं न बघवलेला मुलगा होता, सासूवर जीव असलेली सून होती, सांगितलेलं करणारी रेश्माबाई होती. आणि या सगळ्यांच्या चांगुलपणातून एका बाईला तिच्याच तोंडाचा भरवसा उरला नव्हता.

मी भूपालदादांना आत बोलावलं. त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "आता ह्या लोकांना काय सांगू, सिस्टर? परगावची मानसं आल्यात. माझ्या आईनं सल्लेखना घेतली न्हाई असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"तू नगंच सांगू," आक्का खाटेवरून म्हणाल्या. "सुनंदा, कढन आन. मऊ भात आन. आनि ते दार सताड उघड."

सुनंदावहिनींनी मुगाचं कढण आणलं. मी आणि रेश्माबाईंनी खाट वर केली. दारातून सगळ्यांना दिसेल अशा आक्का बसल्या. भजन आपोआप मंदावलं.

"जयजिनेंद्र मंडळी," आक्का म्हणाल्या. "कुनी सांगितलं मला ठावं न्हाई, पर मी सल्लेखना घेतलेली न्हाई. घ्यायची झाली तर म्हाराजांना इच्यारून, तुमाला सांगून घीन. आता मला भूक लागलीया. बसनार त्यांनी बसा, जानार त्यांनी जावा. मी जेवनार हाय."

आणि त्या जेवल्या. एवढ्या लोकांसमोर, एकेक चमचा, सावकाश. गावातलं जैन मंदिर, त्याला तिकडे बस्ती म्हणतात, तिथले उपाध्ये, म्हणजे पुजारी, गर्दीत होते. त्यांनी मोठ्यानं म्हटलं, "पारणं झालं, बरं झालं," आणि लोकांना सुटल्यासारखं वाटलं. आक्कांच्या वयाची एक शेजारीण मात्र दारातच अडली.

"आगं, मग आमी ह्यो नारळ कशाला आनला?"

"ठीव हितं. चटनी करायला लावते. थांब खायला."

ती बाई खरंच थांबली.

गर्दी ओसरल्यावर भूपालदादा आईच्या खाटेशेजारी खाली बसले. इतक्या जागा बघून आलेला हा माणूस आईशेजारी असा निवांत बसला नव्हता, असं सुनंदावहिनी मला नंतर म्हणाल्या. "आई, तुला कुठं जायचंय? कोन पायजे? तू सांग."

"मला कुटं जायाचं न्हाई. कोन पायजे ते त्यांना इच्यारून ठरवू. लाव फोन."

भूपालदादांनी फोन स्पीकरवर ठेवला. आधी संस्थेला. आक्कांनी एकच विचारलं, दिवस मावळल्यावर माझ्या दुखण्याचं काय करणार? पलीकडचा माणूस नम्र होता. चार्ट डॉक्टरांनी ठरवलेला आहे, आजी. चार तासांचं औषध चार तासांनीच द्यावं लागतं, आम्हाला बदलायचा अधिकार नाही. साताऱ्याच्या सेवासदनातले गृहस्थ अजून नम्र होते. आमच्याकडे जेवणं दिवेलागणीनंतर, औषधाची फेरी त्यानंतर. एकट्यासाठी स्वयंपाकघर बदलता येत नाही, पण तुम्ही या, काहीतरी बघू. बहिणीनं फोनवरच डोळे पुसले असावेत, ती म्हणाली, "आई, तू घरीच ऱ्हा. मी येते."

मग आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "आनि तुमी गं?"

खरं सांगायचं तर मला तो नियम पटत नाही. तेव्हाही पटला नव्हता. रात्री घोटभर पाणी प्यायल्यानं कुणाचं काय बिघडतं, असं मी आजही विचारीन. पण मला पटावा म्हणून तो नियम नव्हता. ज्या तोंडानं मी 'रुग्णाचा हक्क' म्हणून घोषणा दिल्या होत्या, त्याच तोंडानं 'पण माझ्या पसंतीचाच हक्क' असं म्हणणं मला शक्य नव्हतं.

"मला आत्ता माहीत नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांना विचारून तुमच्यासमोर सांगते."

आमच्या डॉक्टर मॅडम कुठंतरी तासगावच्या बाजूला दुसऱ्या रुग्णाकडे होत्या. मी फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बारा तास पुरणारी गोळी असते की. हळूहळू सुटते. एक संध्याकाळच्या जेवणाबरोबर ऊन असताना, एक सकाळी पारण्याला. आधी काही दिवस साध्या गोळ्यांवर तिला किती औषध लागतं ते बघू, मग बदलू. आपल्याकडे ती शिल्लक नाही, मागवावी लागेल. तोवर रात्रीसाठी कातडीवर चिकटवायची पट्टी चालेल का, तिला विचार. पोटात जात नाही."

मी विचारलं. आक्का विचार करून म्हणाल्या, "भाईरनं लावायचं व्हय? मग चालंल. लेप लावतो तसंच की ते."

अशी आमची निवड झाली. आम्ही जिंकलो म्हणून हे सांगत नाही. आक्कांनी त्या संस्थेची खाट ठेवून घेतली आणि रेश्माबाईंनाही. "ती बाई ऱ्हाऊ दे. तिला खोटं बोलायला तुमी लावलं. हात लय हलका हाय तिचा." फक्त एक अट घातली: कुठलंही औषध द्यायच्या आधी ते काय आहे हे त्यांना सांगायचं, त्या अर्धवट झोपेत असल्या तरी. रेश्माबाईंनी ती अट इतकी पाळली की पुढं पुढं त्या पावडर लावतानाही सांगायच्या, "आक्का, पावडर हाय बरं का, पोंडसची नव्हं, साधी." आक्का म्हणायच्या, "कळलं, कळलं. आता पदर हाय म्हनून सांगू नगंस."

इथं मला माझ्या सवयीप्रमाणे मागणी करू द्या. ती बारा तासांची गोळी काही चंद्रावरून आणायची नव्हती. ती बनते, मिळते, लिहून देता येते. तरी ती यायला वेळ लागला, कारण तालुक्याच्या ठिकाणी ती ठेवलेली नसते. वडूजला नाही, इस्लामपूरच्या ज्या दुकानांत मी विचारलं तिथं नाही. आक्कांना आमची जीप मिळाली. ज्या गावांत कुठलीच जीप जात नाही, तिथं आज कुणीतरी भिंतीकडे तोंड करून पडलेलं आहे आणि घरचे म्हणताहेत, देवाची इच्छा. ही देवाची इच्छा नाही, ही पुरवठ्याची अडचण आहे. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हे औषध आणि ते द्यायला शिकलेलं माणूस असलं पाहिजे. यात आणखी काही विचारमंथन करण्यासारखं नाही. मागणी संपली.

गोळी आली. आक्कांच्या कपाळावरची आठी गेली. पुन्हा उठून चालल्या असं काही झालं नाही. या कामात तसं होत नाही. पण खाट दाराशी सरकवून त्या ऊन घ्यायच्या, रस्त्यानं जाणाऱ्या उसाच्या गाड्या कुणाच्या ते ओळखायच्या, कारखान्याची तोड कोण आधी मिळवतो त्यावर टोमणे मारायच्या. साताऱ्याहून मुलगी येऊन राहिली. संध्याकाळी ऊन कलायला लागलं की घरात लगबग उडायची: आक्कांचं ताट, आक्कांची गोळी. शेतातून भूपालदादा त्या वेळेला हटकून परत यायचे. कुणी त्यांना थांबवलं तर म्हणायचे, "नंतर बोलू गड्या, दिवस चाललाय."

हिवाळा आला, रात्री लांबल्या. गोळीचं बळ पहाटेआधी संपायचं आणि उजाडेपर्यंतचा वेळ कठीण जायचा. मॅडमनी मात्रा थोडी वाढवली, तरी पहाटेचा तेवढा वेळ उरलाच. मी म्हटलं, "आक्का, पहाटेपुरती एक बारीक सुई देता येईल."

"नगं. तेवढं मी बघते. त्या वक्ताला णमोकार मंत्र म्हनते, मग दिस उगावतो."

"उगाच का सोसायचं?"

"उगाच न्हाई गं," त्या म्हणाल्या, आणि मला समजावून सांगायचं की नाही याचा विचार करून त्यांनी सोडून दिलं. मीही सोडून दिलं. वेदनामुक्तीचा हक्क पत्रकात लिहिताना, तो थोडासा बाजूला ठेवायचा हक्कही त्यातच येतो, असं मी लिहिलं नव्हतं. आजही ते मला सोपं जात नाही.

पण एक गोष्ट मी त्यांच्याशी बोलायची सोडली नाही. गिळणं जड व्हायला लागलं तेव्हा सगळ्यांना समोर बसवून विचारलं. ही गोळी चुरडून देता येत नाही. हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं, ते धोक्याचं. मग पुढं काय?

"पुढं सुई चालंल," आक्का म्हणाल्या. "कातडीला टोचा, पायजे तेवडं टोचा. पर दिवस मावळल्यावर तोंडात काय घालू नगा. मी शुद्धीत नसले तरी." मग भूपालदादांकडे बघून म्हणाल्या, "मी शुद्धीत नसले तरी, भूपाल."

भूपालदादांनी मान हलवली.

शेवटच्या दिवशी सुनंदावहिनींनी बोलावलं म्हणून मी गेले. आक्कांना हाक पोचत नव्हती. दंडाच्या कातडीखाली बारीक सुई बसवलेली होती, तिच्यातून औषध जात होतं. चेहरा मोकळा होता. उपाध्ये हळू आवाजात णमोकार म्हणत होते, मुलगी आणि सून पायाशी, रेश्माबाई कोपऱ्यात. श्वास तोंडानं चालला होता, आणि तसा श्वास चालला की ओठ, जीभ कोरडी पडते. अशा वेळी आम्ही कापूस ओला करून तोंड पुसत राहतो. आमच्या कामातली ही सगळ्यात साधी गोष्ट. तिच्यासाठी विचार करावा लागत नाही, हात आपला आपण करतो. मी पाण्याच्या वाटीत कापूस बुडवला, पिळला आणि आक्कांच्या ओठांपाशी नेला.

भूपालदादांनी माझं मनगट धरलं. जोर न लावता, पण धरलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "दिवस मावळलाय."

मी खिडकीकडे पाहिलं. उसाच्या शेंड्यांवर अजून उजेड होता. सूर्य नव्हता.

मी कापूस वाटीत ठेवला. सुनंदावहिनींनी उठून खोबरेलाची बाटली आणून दिली. मी भूपालदादांच्या बोटावर एक थेंब सोडला. रेश्माबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "आक्का, तेल हाय. भाईरनं लावत्यात." मग भूपालदादा वाकले आणि आईच्या ओठांना त्यांनी ते तेल कडेकडेनं, आत जाणार नाही असं, लावलं.